कुलूप लागलेले घर : बीड जिल्ह्यातील दारिद्र्य-पाहणीचा इतिहास

दारिद्र्य मोजण्याचे शास्त्र घरोघरी जाऊन प्रश्न विचारण्यावर उभे आहे, आणि बीड जिल्ह्यातील असंख्य घरांना वर्षातले पाच-सहा महिने कुलूप असते. दसरा झाला की पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी अशा तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेपायी ठेवलेली काही मुले आणि दारातली मोकळी दावण. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की माणसे परततात, ती चैत्र-वैशाखाच्या सुमाराला. पाहणीचे तंत्र शिकायला आलेल्या नव्या संशोधकाला पहिल्याच दिवशी तीन व्याख्या सांगितल्या जातात : कुटुंब कोणाला म्हणायचे, गावचा रहिवासी कोण, आणि प्रश्न किती दिवसांपुरता विचारायचा. बीडमध्ये या तिन्ही व्याख्या अडखळतात. त्यामुळे या जिल्ह्यातील गरिबीच्या मोजणीचा इतिहास हा मोजणारे काय शिकले आणि त्यांचे काय शिकायचे राहिले, याचाही इतिहास आहे.

हलाखीचे सर्वांत जुने शासकीय माप पिकाचे होते. सोळा आण्यांचे पीक म्हणजे पूर्ण पीक, आणि त्या हिशेबात यंदा किती आणे पिकले हे ठरवायची ती आणेवारी. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या आत पैसेवारी आली तर गाव टंचाईग्रस्त, ही मर्यादा मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला आजही तोंडपाठ असते. नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन टप्प्यांत ती जाहीर होते, आणि दर टप्प्याला तालुक्याच्या गावी निवेदने घेऊन माणसे उभी राहतात. माप शेताचे असते, माणसाचे नसते. ज्याला शेतच नाही, त्याची पैसेवारी कोणी काढत नाही. नजरेने अंदाज बांधण्याच्या या रीतीला शास्त्राची जोड मिळाली ती १९४० च्या दशकात. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि वि. गो. पानसे या दोन संख्याशास्त्रज्ञांनी यादृच्छिक पद्धतीने शेत निवडून, ठरावीक मापाचा तुकडा आखून, त्यातले पीक कापून तोलण्याची रीत देशभर रुजवली. तलाठी आणि कृषी सहायक आज ज्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात, तो हाच. नमुना निवडताना स्वतःची मर्जी चालवायची नाही, हा आधुनिक पाहणीचा पहिला धडा खेड्यापाड्यांतल्या सरकारी नोकरांनी गणिताच्या पुस्तकातून घेतला नाही. तो त्यांना ज्वारीच्या कणसांनी दिला.

१९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि कागदोपत्री त्याचे नाव ‘भीर’ असे लिहिले जाई. संस्थानात आर्थिक पाहण्या अगदीच झाल्या नाहीत असे नाही. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये केलेल्या आर्थिक पाहण्यांचे खंड प्रसिद्ध झाले, आणि १९४९ ते १९५१ या काळात त्यांनी पुन्हा ग्रामीण चौकशी केली. पण मराठी मुलखात गावपाहणीची जी परंपरा घडली, ती सरहद्दीपलीकडे, इंग्रजी अमलातील पुणे-सातारा भागात. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावातील प्रत्येक कुटुंबाची जमीन, कर्ज आणि जमाखर्च तपासून १९१७ मध्ये पुस्तक काढले. नंतर ना. वि. कानिटकर यांच्यासह त्यांनी जातेगाव बुद्रुकचीही तशीच पाहणी केली. १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी हाती घेतली. इंग्लंडमध्ये चार्ल्स बूथ यांनी लंडनची आणि सीबोम राउनट्री यांनी यॉर्क शहराची गरिबी घरोघरी जाऊन मोजली, त्याच जातीचे हे काम होते. फरक एवढा की राउनट्रींना आठवड्याचा पगार विचारता आला. मान आणि गाडगीळ यांना खंड, बलुते, सावकाराचे व्याज आणि घरचेच धान्य यांची किंमत लावावी लागली. संस्थानी मुलूख या परंपरेच्या कक्षेबाहेर राहिला आणि बीडचा अभ्यासक पुण्याच्या अभ्यासकापेक्षा एक पिढी उशिरा घडला.

स्वातंत्र्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळकायदा आला, आणि या दोन्हींचा संस्थानी खेड्यांवर काय परिणाम झाला याची पाहणी अली महंमद खुस्रो यांनी करून १९५८ मध्ये मांडली. त्याच वर्षी औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. दरम्यान, प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम सुरू झाले होते. तिने एक नवाच पेशा निर्माण केला, तो म्हणजे पाहणीचा अन्वेषक. गावात जायचे, सगळ्या घरांची यादी करायची, त्या यादीतून ठरलेल्या पद्धतीने काही घरे निवडायची, आणि गेल्या तीस दिवसांत काय खाल्ले, काय नेसले, किती सरपण जाळले हे ओळीने विचारायचे. हे काम कंटाळवाणे आहे, आणि तसेच असले पाहिजे. अन्वेषकाने हुशारी दाखवली, उत्तर सुचवले, की आकडा बिघडला.

१९५० हे साल आणखी एका कारणासाठी बीडच्या इतिहासात महत्त्वाचे आहे, जरी घटना तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली आहे. विठ्ठलराव विखे पाटलांच्या खटपटीतून प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. ज्यांनी मराठी संशोधकांना खेड्यातले दारिद्र्य मोजायला शिकवले, तेच त्या उद्योगाच्या पायाभरणीतही होते जो पुढे बीडच्या दारिद्र्यावर चालू लागला. यात गाडगिळांचा दोष काढण्याचे कारण नाही. सहकारी कारखाना सभासद शेतकऱ्यासाठी होता आणि त्याला त्याने सुस्थितीत आणले. तोडणी करणारा मजूर सभासद नव्हता, त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावरही नव्हते. मजुरांची टोळी जमवणारा मुकादम त्याला आणत असे. सहकाराच्या हिशेबात तो वाहतूक-तोडणी खर्चाची एक रक्कम होता.

दारिद्र्यरेषा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला तो १९७१ नंतर. त्या वर्षी गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला. दिवसाला माणशी २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च म्हणजे किमान, असे धरून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींना ग्रामीण भागासाठी माणशी महिना १५ रुपये आणि शहरासाठी साडेबावीस रुपये अशी रेषा काढली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजींनी मुंबईतल्या आपल्या निबंधात तुरुंगातल्या कैद्याच्या शिध्याचा आणि कपड्यांचा हिशेब मांडला होता आणि सामान्य रयतेला तेवढेही मिळत नाही असे दाखवले होते. दांडेकर-रथ यांच्याकडे नौरोजींकडे नव्हती अशी एक गोष्ट होती : नमुना पाहणीची खर्चाची कोष्टके. मात्र याच उष्मांकांवर वाद पेटला, आणि तो पेटवणारे होते पीक कापणीवाले सुखात्मे. माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक बदलते, शरीर कमी अन्नाशी काही मर्यादेपर्यंत जुळवून घेते, म्हणून सरासरीला गरिबीची रेषा मानले तर गरिबांची संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे. दांडेकरांना ते मान्य नव्हते. सातारा जिल्ह्यातल्या या दोन संख्याशास्त्रज्ञांचा वाद दारिद्र्य-अभ्यासाच्या वर्गात अजून शिकवला जातो. बीडपुरते पाहिले तर दोघांच्याही हिशेबातून एक माणूस निसटतो. पहाटे अंधारात फडात उतरून दिवसभर ऊस तोडणारा, मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरणारा हा माणूस कोणत्याही सरासरीत बसत नाही.

ही चर्चा कागदावर चालू असतानाच पावसाने पाठ फिरवली. १९७० ते १९७३ या लागोपाठच्या वर्षांत महाराष्ट्रावर जो दुष्काळ आला, त्याची सर्वांत कडक झळ बसलेल्या जिल्ह्यांत बीड होते. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणे अशी कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या तोंडी कायमचे बसले. अर्थशास्त्रज्ञांच्या दृष्टीने हा दुष्काळ वेगळ्याच कारणाने मोलाचा ठरला. राज्यात दरडोई धान्य विलक्षण घटले, तरी १८७० च्या दशकातल्या दुष्काळासारखे मरण ओढवले नाही. ज्याँ द्रेझ यांनी पुढे त्याची कारणमीमांसा करताना भर दिला तो या कामांवर आणि त्यांतून हातात पडलेल्या मजुरीवर. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूरला वि. स. पागे यांच्या प्रेरणेने सुरू झालेला रोजगार हमीचा प्रयोग दुष्काळानंतर राज्यभर पसरला आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला.

रोजगार हमीने पाहणीशास्त्राला एक नवी कल्पना दिली. गरीब कोण, हे अधिकाऱ्याने ठरवण्याऐवजी गरिबाने स्वतःच ठरवावे : भर उन्हात किमान मजुरीवर खडी फोडायला जो येईल, तो गरीब. जगभरातल्या अभ्यासकांनी या स्वयंनिवडीवर लेख लिहिले, आणि कामावरचे हजेरीपट हीच गरिबीची यादी म्हणून वाचले जाऊ लागले. यातली खोच बीडच्या माणसाला लगेच कळते. जो उसाला गेला तो हजेरीपटावर नाही. गावात काम निघाले नाही म्हणून तो गेला, की मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते म्हणून गेला, हे हजेरीपट सांगत नाही. यादीत नाव नसणे म्हणजे गरज नसणे, असा अर्थ काढणारा अभ्यासक चुकतो. ही चूक अगदी नामांकित अहवालांतही सापडते.

ऊसतोडीची रचना समजून घेतल्याशिवाय या जिल्ह्यात कोणतीही प्रश्नावली लावणे व्यर्थ आहे. कामाचे एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको अशी जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पावसाळ्यात मुकादम कोयत्यामागे उचल देतो. ही रक्कम गेल्या काही वर्षांत पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याच्याही वर गेली आहे. ती लग्नात, दवाखान्यात, मागची देणी फेडण्यात आणि पेरणीत हंगामाआधीच संपते. मग टनाच्या दराने तोडणी करून ती फेडायची. बैलगाडीवाले, टायरगाडीवाले, ट्रॅक्टर टोळी आणि डोकी सेंटर असे मजुरांचे प्रकार आहेत आणि त्यांची कमाई सारखी नसते. एक जोडी दिवसाला साधारण दीड-दोन टन ऊस तोडते. आजारपणाने वा बाळंतपणाने काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो आणि त्या दिवसाचे पाचशे किंवा जास्त रुपये उलट अंगावर चढतात. उसाच्या शेंड्याचे वाढे जनावरांना घालायचे, उरलेले चारा म्हणून विकायचे, ही वरकमाई. राहायला पाचटाची कोपी. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर ‘बाकी’ पुढच्या वर्षावर जाते. दर टनाचा भाव लवादात ठरतो. तिथे वर्षानुवर्षे मजुरांची बाजू गोपीनाथ मुंडे यांनी मांडली, आणि जानेवारी २०२४ च्या तडजोडीत दरात ३४ टक्के वाढ झाली.

आता याच कुटुंबापुढे उपभोगखर्चाची अनुसूची ठेवून पाहावी. अन्वेषक आश्विनात आला तर उचलीचे पैसे नुकतेच आलेले असतात; मागच्या तीस दिवसांत कपडे घेतलेले, किराणा भरलेला, कदाचित मुलीचे लग्न झालेले. खर्चाच्या कोष्टकात हे घर सुस्थितीत दिसते. पण तो पैसा कमाईचा नव्हे, पुढच्या सहा महिन्यांच्या श्रमावर घेतलेले कर्ज आहे. तोच अन्वेषक माघात आला तर घराला कुलूप असते. नियमाप्रमाणे तो राखीव यादीतले दुसरे घर घेतो, आणि ते घर बहुधा न गेलेल्याचे, म्हणजे थोडी ओलिताची जमीन किंवा नोकरी असलेल्याचे निघते. अशा तऱ्हेने नियम तंतोतंत पाळूनही गावाची गरिबी थोडी कमी नोंदली जाते. संदर्भकाळ सात दिवसांचा, तीस दिवसांचा की वर्षाचा, यावर देशात केवढा वाद झाला ते राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९९९-२००० च्या फेरीनंतर सर्वांनी पाहिले. बीडमध्ये त्याआधीचा प्रश्न विचारावा लागतो : कोणत्या महिन्यात?

स्थलांतराच्या व्याख्येतही हीच अडचण. २००७-०८ च्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरित म्हणजे कामासाठी एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला माणूस, असे ठरले. ऊसतोडीचा हंगाम नेमका या सीमेवर संपतो. पाऊस चांगला, ऊस भरपूर, की हंगाम सहा महिन्यांवर जातो आणि तीच माणसे व्याख्येच्या बाहेर पडतात. दुष्काळी वर्षी ऊसच कमी, हंगाम चार महिन्यांत आटोपतो आणि ती पुन्हा व्याख्येत येतात. जनगणनेचे तर आणखी वेगळे. २०११ ची घरयादी २०१० च्या उन्हाळ्यात झाली, तेव्हा माणसे गावात होती. लोकसंख्येची प्रत्यक्ष मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या काळात झाली, तेव्हा ती फडात होती. मोजणीच्या पूर्ण काळात जो गावाबाहेर आहे त्याची नोंद तो असेल तिथे करायची, असा नियम. बीडची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार भरली ती या नियमाने. कोपीला घर म्हणायचे की तिच्यातल्या माणसांना बेघर धरायचे, याचा निर्णय कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या शिक्षक-प्रगणकाच्या हाती होता. बांध ओलांडून तो कोपीपर्यंत गेला की नाही, हे आता कोणी सांगू शकत नाही.

गरीब कुटुंबांची नावनिशीवार यादी करण्याचे प्रयत्न १९९२, १९९७ आणि २००२ साली झाले. खेड्यातल्या माणसाला दारिद्र्यरेषा या कल्पनेची ओळख अर्थशास्त्रातून झालेली नाही; ती या याद्यांतून आणि पिवळ्या, केशरी, पांढऱ्या शिधापत्रिकांतून झाली. २००२ च्या गणनेत १३ निकष होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि एकूण गुण जितके कमी तितके घर गरीब. यातला एक निकष स्थलांतराच्या कारणाचा आणि एक कर्जाच्या प्रकाराचा होता. हंगामी कामासाठी जाणाऱ्याला एक गुण, कुठेच न जाणाऱ्याला तीन. इथवर ठीक. पण मुकादमाची उचल कर्जाच्या कोणत्या रकान्यात घालायची? पोटासाठी घेतलेले खासगी कर्ज म्हटले तर शून्य, अन्य कारणासाठी म्हटले तर दोन. दोन गुणांवर यादीतले नाव जाई किंवा राही. शिवाय पक्के घर, कपडे, टिकाऊ वस्तू असे निकष सरळ बेरजेत घेतल्याने एका उणिवेची भरपाई दुसऱ्या वस्तूने होई. न. च. सक्सेना समितीने २००९ मध्ये या पद्धतीवर सडकून टीका केली. बहुआयामी दारिद्र्याची आजची पद्धत सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी मांडली. तिच्यात प्रत्येक वंचितता वेगळी मोजून मग एकत्र येणाऱ्या वंचिततांचा उंबरठा ठरवतात, आणि ती या बेरजेच्या दोषाला दिलेले एक उत्तर आहे.

जिल्ह्या-जिल्ह्यांतली विषमता हा वेगळा धागा, आणि महाराष्ट्रात तो ‘अनुशेष’ या एका शब्दाभोवती गुंडाळलेला आहे. १९८३ मध्ये नेमलेल्या आणि पुढच्या वर्षी अहवाल देणाऱ्या सत्यशोधन समितीचे अध्यक्षही दांडेकरच होते. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने अशा सोयींत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे, त्याचा रुपयांतला हिशेब म्हणजे अनुशेष. एकूण ३,१८६ कोटींहून अधिक अनुशेषात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी निघाला. विजय केळकर समितीने २०१३ च्या अहवालात हे गणित पुन्हा मांडले. अनुशेषाची कल्पना राजकारणात जितकी टिकली तितकी संशोधनात टिकली नाही, आणि ते बरेच झाले. ती रस्त्याचे किलोमीटर मोजते, पण त्या रस्त्याने गाव सोडून कोण जाते हे तिला दिसत नाही.

या सर्व मापांत कुटुंब हे एक बंद खोके मानलेले आहे. खर्च घराचा, उत्पन्न घराचा, कार्ड घराच्या कर्त्याच्या नावाचे. कोयत्याची मजुरीही जोडीची आणि ती हातात पडते पुरुषाच्या. घराच्या आतली विषमता कोणत्याच रकान्यात येत नव्हती. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी, तेव्हा त्या खोक्याला पहिली मोठी चीर गेली. दुसरी गेली २०१९ मध्ये.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात, हे जिल्ह्यात कार्यकर्त्यांना ठाऊक होते. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) २०१८ मध्ये आठ जिल्ह्यांतील १,०४२ ऊसतोड बायकांची पाहणी केली होती. २०१९ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून हा विषय देशभर गाजला. जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले की तीन वर्षांत बीडमधील ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ अशा शस्त्रक्रिया झाल्या. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि आरोग्य यंत्रणेमार्फत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सुमारे १७ टक्के. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटासाठी महाराष्ट्राचा आकडा २.६ टक्के होता.

पाहणीतंत्र शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मराठी मुलखात दुसरे नाही. ४,६०५ आणि १३,८६१ हे आकडे एकमेकांना खोडत नाहीत. पहिला तीन वर्षांत रुग्णालयांनी केलेल्या शस्त्रक्रियांचा, त्यात ऊसतोड न करणाऱ्या बायकाही. दुसरा आयुष्यात कधीही शस्त्रक्रिया झालेल्या ऊसतोड बायकांचा, त्यात जिल्ह्याबाहेर जाऊन केलेल्याही. पहिल्याला छेद नाही, म्हणून त्यावरून प्रमाण काढता येत नाही. दुसऱ्याला छेद आहे, पण १७ टक्क्यांची तुलना २.६ टक्क्यांशी करण्याआधी दोन्ही पाहण्यांतील बायकांची वये जुळवून घ्यावी लागतात. तशी जुळणी केल्यावरही फरक मोठाच राहील असे मानायला जागा आहे, कारण तफावत सहापट आहे; पण संशोधकाने ती जुळणी करूनच बोलायचे असते.

मग भाषेचा प्रश्न. खेड्यात नुसते ‘ऑपरेशन’ म्हटले की अर्थ होतो कुटुंबनियोजनाचा. गर्भाशय काढण्याला बायका ‘पिशवी काढली’ म्हणतात. छापील प्रश्नात गर्भाशयाची शस्त्रक्रिया असा शब्द असेल आणि विचारणारा तो जसाच्या तसा वाचत असेल, तर उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. प्रश्न सासूसमोर, नवऱ्यासमोर की एकटीला विचारला, यानेही उत्तर बदलते. आणि शेवटी कारणाचा प्रश्न. खाड्याची भीती, फडावर संडास-पाणी नसणे, लहान वयात लग्न आणि बाळंतपणे, डोक्यावरची ओझी, कर्करोगाची भीती घालणारे डॉक्टर : सगळीच कारणे सांगितली गेली. शस्त्रक्रियेसाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे घेतले जातात, म्हणजे उचल वाढते, म्हणजे पुढच्या वर्षी जाणे भाग पडते. कारण आणि परिणाम असे गोल फिरत असतील तर एका वेळी केलेली पाहणी, ती ८२ हजारांची असली तरी, त्यांना वेगळे करू शकत नाही. त्यासाठी त्याच बायकांना वर्षानुवर्षे भेटत राहावे लागते.

अशा दीर्घ पाहणीचा नमुना फार दूर नाही. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोल्याकडील कानझरा व किनखेडा या गावांत ग्रामपाहणी चालवली. प्रत्येक गावी चाळीस कुटुंबे, भूमिहीन ते मोठे शेतकरी अशा चार गटांतून निवडलेली; आणि अन्वेषक गावातच राहायला. मुक्कामी राहणाऱ्याला घराचे कुलूप दिसते तसे ते कधी लागले आणि किल्ली कोणाकडे आहे हेही कळते. जगातल्या विकास-अर्थशास्त्राच्या कित्येक प्रबंधांचा कच्चा माल या गावांनी पुरवला. बीडच्या वाट्याला अशी गावे आली नाहीत.

जिल्ह्यात आणि आसपास नवे अभ्यासक घडवणारी ठिकाणे मात्र आहेत. अंबाजोगाईला द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था उभी केली. पाणलोट आणि शेतमजुरांच्या कामांबरोबर तिचे समाजकार्य महाविद्यालयही तिथे आहे. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचे केंद्र १९८६ पासून आहे. लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण मुंबईत देवनारच्या संस्थेत मिळते, आणि कुटुंब आरोग्य पाहणीचे देशभरचे कामही तीच संस्था पाहते. हातातली साधने बदलली. कागदी अनुसूची गेली आणि उत्तर तिथल्या तिथे तपासणारे टॅब्लेट आले. शिकवण्याचा गाभा तोच राहिला : वर्गात व्याख्या, मग एकमेकांवर सराव-मुलाखती, मग ज्या गावाचा आकडा मोजणीत धरायचा नाही अशा गावात दोन दिवस रंगीत तालीम, आणि संध्याकाळी बसून प्रत्येक अनुसूची ओळीने तपासणे. स्थानिक मुलांना या कामात एक फायदा असतो. वाढे, खाडा, बाकी, पट्टा हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. तोटाही तोच. जे ठाऊक आहे ते विचारायचे राहून जाते.

२०२२-२३ च्या उपभोगखर्च पाहणीने जुनी पद्धत बदलली. खाद्यपदार्थ, इतर खर्च आणि टिकाऊ वस्तू यांसाठी एकाच तिमाहीत घरी तीन वेगवेगळ्या भेटी द्यायच्या असे ठरले, म्हणजे एका बैठकीत माणूस थकून अंदाजपंचे उत्तरे देणार नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचा माणशी मासिक खर्च त्यातून ४,०१० रुपये आला. सुधारणा योग्यच आहे. फक्त तीन महिने लागोपाठ उघडे सापडणारे घर तिला लागते. ऊसतोड कामगारांची ग्रामपंचायतीत नोंद करून ओळखपत्रे देण्याचे काम अलीकडे सुरू झाले आहे. गावातून कोण गेले याची यादी त्यामुळे प्रथमच गावातच तयार होऊ लागली, आणि नमुना निवडण्यासाठी ती शिधापत्रिकांच्या यादीपेक्षा उपयोगी आहे. २०२१ मध्ये व्हायची राहून गेलेली जनगणना आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिनांक धरून ठरली आहे. महाराष्ट्रात तिची लोकसंख्या-मोजणी फेब्रुवारीत आहे, म्हणजे पट्टा पडायच्या आधी.